हेडलेस गिटार घेताय? आधी ब्रिजकडचं टोक समजून घ्या

छोट्या अंगाची, हेडस्टॉक (मानेच्या टोकाचा खुंट्यांचा भाग) नसलेली इलेक्ट्रिक गिटार पहिल्यांदाच घेणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. तारा कुठल्या आणायच्या कळत नाही, बसून वाजवताना मांडीवरून घसरते, पहिला फ्रेट (पडदा) लांब वाटतो, ट्रेमोलोला, म्हणजे दांड्याने हलणाऱ्या ब्रिजला (घोडीला), तळवा लागला की सगळा सूर हलतो. बहुतेक वेळा गिटार उत्तम असते. तिची सगळी व्यवस्था मात्र डाव्या टोकाकडून उजव्या टोकाला, थेट तळव्याखाली गेलेली असते, आणि आपण तिला नेहमीच्या गिटारीसारखं हाताळत असतो. मिरजेचा तानपुरा लावताना खुंटीने सूर जवळ आणायचा आणि घोडीच्या पलीकडच्या मण्याने तो बारीक करायचा, ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. हेडलेस गिटारीत खुंट्याच नाहीत, सगळं लावणं मण्याच्या बाजूने. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं.

ही रचना आली कुठून

नेड स्टाइनबर्गर हा मूळचा फर्निचर घडवणारा माणूस. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये बास गिटार बनवणाऱ्या स्टुअर्ट स्पेक्टरबरोबर एकाच वर्कशॉपमध्ये काम करताना तो वाद्यांकडे वळला. बास गिटारीची मान लांब, तिच्या टोकाला चार जड खुंट्या. त्यामुळे हात सोडला की मान जमिनीकडे झुकते. स्टाइनबर्गरने खुंट्या उचलून ब्रिजमागे नेल्या आणि हेडस्टॉक कापूनच टाकला. लाकडाऐवजी कार्बन आणि काचतंतू घातलेलं इपॉक्सी वापरून त्याने केलेली एल-२ बास १९८० च्या सुमारास बाजारात आली, आणि काही वर्षांतच सहा तारांची गिटारही. रश बँडचा गेडी ली एल-२ वाजवत असे, गिटारवादक अ‍ॅलन होल्ड्सवर्थने स्टाइनबर्गर गिटार आपलीशी केली, एडी व्हॅन हेलनच्या हातातही ती दिसली. १९८७ मध्ये गिब्सनने कंपनी विकत घेतली. नंतर आलेली, आशियात बनणारी लाकडी ‘स्पिरिट’ मालिका ही त्याच घराण्यातली स्वस्त बहीण. बऱ्याच जणांची पहिली हेडलेस गिटार तीच असते, म्हणून पुढचं बरंचसं तिच्याकडे बघूनच लिहिलं आहे.

विकत घेण्याआधी तारा कशा बसतात ते बघा

दिसणं आणि पिकअप (तारांचा आवाज टिपणारे चुंबक) नंतर. आधी एकच गोष्ट ठरवा: तुम्हाला कुठल्या तारा चालतील?

पहिला प्रकार स्टाइनबर्गर पद्धतीचा. याला दोन्ही टोकांना गोळी असलेली तार लागते, म्हणजे डबल बॉल-एंड. डी'अ‍ॅडारिओसारख्या कंपन्या ती बनवतात, पण मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांतही ती नेहमी फळीवर असेलच असं नाही. सातारा, लातूर, अकोल्यात तर ऑनलाइनच मागवावी लागेल. बदल्यात मिळतं काय, तर तार बदलणं कमालीचं सोपं. कापाकापी नाही, गुंडाळणं नाही.

दुसरा प्रकार साध्या तारा घेणारा. स्वीडनच्या ओला स्ट्रँडबर्गच्या गिटारी आणि २०२१ मध्ये आलेली आयबानेझची क्यू मालिका या गटातल्या. गोळी ब्रिजकडे अडकते आणि मोकळं टोक नटपाशी, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीपाशी, छोट्या स्क्रूने आवळून कापून टाकायचं. कोपऱ्यावरच्या दुकानातली कुठलीही तार चालते. माझं स्पष्ट मत: मोठ्या शहरापासून दूर राहत असाल आणि ही तुमची एकुलती एक गिटार असणार असेल, तर हाच प्रकार घ्या. वाद्य तारेअभावी आठवडाभर कपाटात पडून राहण्यासारखं वाईट काही नाही.

तिसरा प्रकार प्रवासी गिटारींचा. कॅलिफोर्नियाच्या ट्रॅव्हलर गिटार कंपनीने नेहमीच्याच खुंट्या गिटारीच्या अंगातल्या पोकळीत बसवल्या. हेडस्टॉक नाही, तारा साध्या, आणि तिच्या अल्ट्रा-लाइट मॉडेलची लांबी सुमारे २८ इंच.

दोन्ही टोकांना गोळी लागणाऱ्या गिटारीसाठी साध्या तारेचं टोक पकडणारे अ‍ॅडॅप्टरही मिळतात. गिटारीबरोबरच मागवून ठेवा. रोज वापरायला नको, अडीनडीला असावेत.

आणखी एक गैरसमज असतो. छोटी दिसते म्हणजे लहान मुलांची, किंवा फ्रेट जवळजवळ असतील, असं अनेकांना वाटतं. स्पिरिटची एकूण लांबी अडीच फुटांच्या आसपास आहे, पण नट ते ब्रिज हे अंतर २५.५ इंच, म्हणजे पूर्ण आकाराच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीइतकंच, आणि फ्रेट २४. कमी झालं ते हेडस्टॉक आणि अंग. बोटांना पूर्ण आकाराचीच गिटार वाजवायची आहे, तेव्हा छोटे हात आहेत म्हणून ही घेऊ नका.

जुनी घेत असाल तर दुकानातच हे करा: ब्रिजमागचे सहाही नॉब एकेक करून पूर्ण ढिले करा आणि पुन्हा सुरात आणा. मध्येच अडकणारा, रेती घातल्यासारखा करकरणारा किंवा फिरूनही तार न ओढणारा नॉब म्हणजे आतला आटा गेलेला. साध्या गिटारीची खुंटी कुठेही मिळते, या ब्रिजचा एक सुटा तुकडा मिळवताना मात्र महिने जाऊ शकतात. अनोळखी नावाच्या स्वस्त गिटारींत पैसे वाचवलेले असतात ते नेमके इथेच, त्यामुळे सगळी पारख ब्रिजची करा. पिकअप पुढेमागे बदलता येतात.

पहिली तार बदलताना

सहाही तारा एकदम काढू नका. ट्रेमोलो तरंगता असेल तर सगळा ताण एकाएकी जाऊन तो स्प्रिंगच्या बाजूला ओढला जातो आणि मग जुळवणी पहिल्यापासून करावी लागते. एक काढा, एक घाला.

सगळ्यांत जाड, म्हणजे सहाव्या, ई तारेपासून सुरुवात करू. गिटार टेबलावर टॉवेल पसरून ठेवा, मानेखाली घडी केलेला दुसरा टॉवेल. ट्रेमोलोला कुलूप असेल तर लावा. आता ब्रिजमागचा सहावा नॉब डावीकडे फिरवत राहा. सुरुवातीला तो घट्ट असतो, कडेच्या बारीक खाचा बोटाच्या पेरात रुततात. तारेचा सूर घसरत जातो, मग ती नुसतीच लोंबते. नॉबला जोडलेला छोटा जबडा ब्रिजमधून पुढे सरकताना दिसेल. तार पुरेशी ढिली झाली की जबड्यातली गोळी बोटाने वर उचला, ती सुटते. वरच्या टोकाची गोळीही तिच्या खाचेतून तशीच निघते.

नवी तार घालताना आधी वरच्या टोकाची गोळी खाचेत बसवा, तार नटच्या खोबणीतून आणि ब्रिजच्या सॅडलवरून (तार टेकते त्या तुकड्यावरून) आणा, मग दुसरी गोळी जबड्यात टाका. डाव्या हाताने तार बाराव्या फ्रेटपाशी हलकी दाबून धरा, म्हणजे वरची गोळी निसटणार नाही. आता नॉब उजवीकडे. पहिले काही फेरे काहीच घडत नाही असं वाटेल. मग एकदम सूर चढू लागतो, आणि तिथून पुढे अगदी थोडं थोडं फिरवा. या नॉबला साध्या खुंटीसारखी गुंडाळी नसते, जबडा तार सरळ मागे ओढतो. त्यामुळे अंदाज यायला चार-दोन दिवस जातात, पण एकदा आला की सूर केसाइतका नेमका लावता येतो.

जबड्याची धाव थोडीच असते, साधारण सेंटिमीटरभर. म्हणून दोन गोळ्यांमधली तारेची लांबी नेमकी असावी लागते. नॉब शेवटापर्यंत आवळला आणि तरी तार ई-वर पोचत नसेल, तर तार त्या ब्रिजच्या मापाची नाही. जोर लावू नका, आटा तिथेच जातो. वेगळ्या कंपनीचा संच आणून बघा.

साध्या तारेच्या प्रकारात क्रम थोडा वेगळा. नॉब जवळजवळ पूर्ण ढिला ठेवा, गोळी ब्रिजमध्ये बसवा, मोकळं टोक नटच्या कुलपातून काढून पक्कडीने ताणून धरा आणि अ‍ॅलन कीने स्क्रू आवळा. तार सुरात आली, टिकली, याची खात्री झाल्यावरच जास्तीचं टोक कापा. जाड, वेटोळ्या तारा कुलपात घट्ट धरण्याआधी कापल्या तर बाहेरचं वेटोळं उसवतं आणि तार मुकी होते.

नवी तार बाराव्या फ्रेटपाशी हलकेच उचलून ताणा, सूर उतरेल, पुन्हा लावा. दोन-तीनदा केलं की बसते. खुंटीभोवती वेटोळीच नसल्यामुळे ती साध्या गिटारीपेक्षा लवकर स्थिरावते.

ट्रेमोलो: आधी कुलूप, नंतर हौस

पहिले काही आठवडे ट्रेमोलो कुलूपबंदच ठेवा. हा सल्ला मी सगळ्यांना आग्रहाने देतो. ब्रिज तळव्याखाली असल्यामुळे तळव्याने तारा दाबून वाजवताना उजवा हात त्यावर रेलतो, ब्रिज मागे झुकतो आणि सूर चढतो. नवशिक्याला कळतच नाही की चूक डाव्या हाताची की उजव्या. कुलूप लावलं की हा घोळ संपतो.

उघडायची वेळ आली की संतुलन असं करा. स्पिरिटच्या आर-ट्रेम नावाच्या ट्रेमोलोत कुलूपही आहे आणि स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायचा नॉबही. कुलूप लावून सहाही तारा सुरात आणा. आता कुलूप काढा आणि एकच तार वाजवून ट्यूनरकडे बघा. सूर उतरला, म्हणजे तारांचा ताण स्प्रिंगवर भारी पडतोय, स्प्रिंग आवळा. सूर चढला, तर स्प्रिंग ढिली करा. कुलूप लावा-काढा, दोन्हींत सूर तोच राहीपर्यंत. यात तारांच्या नॉबना अजिबात हात लावायचा नाही. तारा आणि स्प्रिंग एकदमच फिरवू लागलात तर तासभर झटूनही गिटार लागणार नाही.

तारांची जाडी बदलली, ९ ते ४२ च्या (इंचाचे हजारावे भाग) संचावरून १० ते ४६ वर गेलात, की ताण वाढतो आणि हे सगळं पुन्हा करावं लागतं. एकच जाडी ठरवून तीच वापरत राहिलात तर हे काम क्वचितच येईल.

स्टाइनबर्गरच्या जुन्या गिटारींवर ट्रान्सट्रेम नावाचा एक अफलातून ट्रेमोलो असतो. दांडा हलवला की सहाही तारा एकाच प्रमाणात चढतात-उतरतात, त्यामुळे पूर्ण कॉर्ड न बिघडता वरखाली सरकतो, आणि ठरावीक सुरांवर तो अडकवूनही ठेवता येतो. वाद्यरचनेतली ती एक मोठी झेप आहे असं मी मानतो. पण त्याला खास मोजून बनवलेल्या तारा लागतात आणि जुळवणीला अनुभवी हात. पहिली गिटार म्हणून त्याच्या मागे लागू नका.

मांडीवर आणि खांद्यावर

बसून वाजवताना अंग छोटं असल्यामुळे मांडीला धरायला कंबर मिळत नाही. स्पिरिटला खालच्या कडेला उघडणारा पाय असतो. तो बाहेर काढून मांडीवर टेकवा, गिटार बऱ्यापैकी स्थिर होते. तुमच्या गिटारीला तसा पाय नसेल तर बसूनही स्ट्रॅप लावा. किंवा शास्त्रीय गिटारवादक बसतात तसं डाव्या मांडीवर घ्या आणि डाव्या पायाखाली पाट ठेवा. मान वर उचलली जाते, मनगट सरळ राहतं, आणि मला तरी छोट्या गिटारीसाठी हीच बैठक सगळ्यांत सुखाची वाटते.

उभं राहिल्यावर वेगळी गंमत होते. स्ट्रॅटोकास्टरच्या वरच्या शिंगाचं टोक बाराव्या फ्रेटपर्यंत येतं आणि स्ट्रॅप तिथे अडकतो. फळीसारख्या छोट्या अंगाला शिंगच नाही. स्ट्रॅप अडकवायचं वरचं बटण बरंच उजवीकडे, मानेच्या मुळाशी असतं. परिणाम असा की सगळी गिटार डावीकडे सरकते आणि पहिला फ्रेट हातापासून लांब जातो. त्यात डाव्या बाजूला हेडस्टॉक दिसत नसल्यामुळे नजरेला ठिकाणही सापडत नाही. स्ट्रॅप थोडा आखूड करा, गिटार छातीच्या जरा जवळ घ्या आणि मान थोडी वर तिरकी ठेवा. मग रोज रियाजाच्या सुरुवातीला मानेच्या कडेवरचे ठिपके बघत पहिला, पाचवा, बारावा फ्रेट असा हात नेऊन आणा, नंतर न बघता. आठवडाभरात हाताला जागा कळतात.

उजव्या कोपराला टेकायला रुंद अंग नाही, म्हणून बरेच जण खांदा उचलून धरतात आणि अर्ध्या तासात मान आखडते. स्ट्रॅपने वजन घ्यायचं, हात मोकळा लोंबू द्यायचा.

लावणं, ठेवणं आणि कुठे अडतं

हेडस्टॉकवर चिमट्याने लावायचा ट्यूनर इथे बहुधा बसत नाही. पेडल ट्यूनर किंवा फोनमधलं अ‍ॅप वापरा. शांत खोलीत फोनचा माइक पुरतो, तालमीत ड्रम वाजू लागले की केबलचा ट्यूनरच हवा.

भिंतीवरचे हुक आणि मानेला धरणारे उंच स्टँड हेडस्टॉकच्या आधारावर गिटार लटकवतात. इथे आधारच नाही, गिटार सरळ खाली घसरेल. अंगाला खालून टेकू देणारा स्टँड घ्या, आणि विकत घेण्याआधी त्याच्या दोन हातांमधलं अंतर मोजा. मोठ्या गिटारीसाठी बनवलेल्या स्टँडमधून छोटं अंग आरपार जातं. बॅगही तशीच. नेहमीच्या गिटारीच्या बॅगेत ती आत आपटत राहते, मापाचीच घ्या.

पिकअप अ‍ॅक्टिव्ह असतील तर आत ९ व्होल्टची बॅटरी असते, आणि केबल जॅकमध्ये घातली की ती चालू होते. वाजवून झालं की केबल काढा. केबल तशीच राहिली तर बॅटरी वाजवल्याशिवाय संपते. स्पिरिटच्या पिकअपना बॅटरी लागत नाही.

बाराव्या फ्रेटवर सूर तपासायची सवय लावून घ्या. तिथे तार नुसती स्पर्शून वाजवा, मग दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे न्यायचं, उतरा आला तर पुढे, मानेकडे. सॅडलचा स्क्रू सोडण्याआधी ती तार ढिली करा, नाहीतर ताणाखाली सॅडल उडी मारून पुढे येतं. अ‍ॅलन की मात्र नेमक्या मापाचीच. काही ब्रिजना मिलिमीटरची लागते, काहींना इंचाची. जवळपासच्या मापाने फिरवलेला स्क्रू गोल होतो आणि मग तो ड्रिलनेच निघतो.

कोकणातला पावसाळा

लाकडी गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जून ते सप्टेंबर रत्नागिरी, मुंबई, गोवा इथे हवा ८० टक्क्यांच्या वर असते. लाकूड फुगतं, मान वाकते, तारा फ्रेटपासून वर जातात. स्टाइनबर्गरच्या मूळ कार्बन-इपॉक्सीच्या गिटारींना याचं सोयरसुतक नसतं, स्पिरिटसारख्या लाकडी बहिणीला असतं. गिटार बॅगेत, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या, आणि बॅग बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवायची नाही.

हेडलेसमध्ये खरी काळजी ब्रिजची. सगळे आटे, स्क्रू आणि जबडे उजव्या हाताच्या घामाखाली असतात. वाजवून झालं की सुक्या सुती फडक्याने तारा पुसतो तसाच ब्रिजही पुसा, नॉबच्या मागची बाजूसुद्धा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर प्रत्येक नॉब ढिला करून आट्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब, काडीच्या टोकाने. जास्तीचं तेल लगेच टिपून घ्या, ते लाकडात मुरू देऊ नका. जाड ई-चा नॉब फिरवताना बोटं दुखत असतील तर बहुतेक वेळा कारण कोरडा आटा हेच असतं.

घेऊन फिरताना

दादरच्या गर्दीत गिटार पाठीवर न ठेवता छातीशी धरता येते, एसटीत डोक्यावरच्या फळीवर मावते. ही गिटार घेण्याचं निम्मं कारण हेच असेल तर ते अगदी योग्य कारण आहे.

विमानात मात्र गृहीत धरू नका. आपल्याकडच्या देशांतर्गत उड्डाणांत हातसामानाला साधारण ७ किलो आणि लांबी, रुंदी, उंची मिळून ११५ सेंटिमीटर अशी मर्यादा असते. वजनात गिटार आरामात बसते, तीन बाजूंची बेरीजही सडपातळ बॅग असेल तर जेमतेम जुळते. पण एकट्या लांबीची मर्यादा ५५ सेंटिमीटर असते आणि अडीच फूट म्हणजे ७६. म्हणून तिकीट काढताना कंपनीचा वाद्यांविषयीचा नियम वाचा, बॅगेला बाहेरून फुगलेले खिसे नकोत, आणि चेक-इनच्या खिडकीवरच विचारून घ्या, दारापर्यंत जाऊन नको. पक्कड, तार कापायची कात्री, अ‍ॅलन कीचा जुडगा हे सगळं चेक-इनच्या सामानात टाका; सुरक्षा तपासणीत हत्यारं काढून घेतात. तारांचा एक जादा संच मात्र गिटारीच्याच बॅगेत असू द्या. डबल बॉल-एंडवाल्यांनी दोन.